रिकाम्या पाण्यातून आलेलं तेल

१

खाडीचं पाणी ज्या विहिरीत येतं, तिच्यात उतरण्याआधी पंपघराच्या ऑपरेटरने फोन करून विचारलं होतं.

"मॅडम, जाळी साफ करायला खाली जायचंय. तेल आमच्या खाडीत येत नाही ना?"

"नाही येत. खुशाल उतरा," नकाशेवाली म्हणाली होती.

आता तो माणूस पंपघराच्या फरशीवर चादरीखाली होता. चादर आखूड पडली होती, त्यामुळे त्याचे बूट बाहेर दिसत होते. एका बुटाची नाडी सुटलेली. विहिरीच्या पाण्यावर काळपट तेल डोलत होतं आणि सगळ्या पंपघरात पेट्रोल पंपावर येतो तसा, पण कितीतरी उग्र वास भरला होता. तेलातून उठणारा वायू विहिरीत साचला आणि त्याला शिडी चढायचीसुद्धा सवड मिळाली नाही, असं डॉक्टर सांगत होते.

नकाशेवाली दाराशीच उभी राहिली. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण बंदरात कुणी ते घेत नसे. समुद्रात तेल सांडलं की ते कुठे पसरेल, हे ती निरीक्षण केंद्रात बसून कॉम्प्युटरवर काढायची. पाण्यावर हजारो ठिपके सोडायचे, प्रत्येक ठिपक्याला प्रवाह किती ढकलेल आणि वारा किती, याचं गणित करायचं, आणि ठिपके जिथे जातील तिथे लाल रंग भरायचा. तो नकाशा पाहून बोटी निघत आणि तरंगते अडथळे टाकले जात. आज सकाळच्या तिच्या नकाशात तेल दक्षिणेला, नदीच्या मुखाकडे निघालं होतं. सगळे अडथळे तिकडेच पडले. खाडीत लाल रंगाचा एक ठिपका नव्हता.

"नकाशा तुमचाच ना?" मागून कुणीतरी विचारलं.

बंदर पोलिसांचे इन्स्पेक्टर होते. स्थूल, शांत गृहस्थ. आवाज इतका मऊ की तिला तो ओरडण्यापेक्षा भयंकर वाटला.

"माझाच," ती म्हणाली. 

"चला, मला तो दाखवा. आणि मी या विषयात ढ आहे. आत्याला समजावून सांगता ना, तसं सांगा."

२

केंद्राच्या खोलीत तिने नकाशा उघडला.  इन्स्पेक्टर शेजारची खुर्ची ओढून बसले.

"पहाटे उजाडता उजाडता कॅप्टनच्या बोटीने तेल पाहिलं ते इथे," तिने बोट ठेवलं. "इथून गणित पुढे नेलं की तेल कुठे जाईल ते कळतं. आणि उलटं मागे नेलं की कुठून आलं ते."

"मग कुठून आलं?"

मागे नेण्याचं काम तिने सकाळच्या गडबडीत अजून केलंच नव्हतं. तिने कळ दाबली. ठिपके उलटे चालू लागले, एकमेकांजवळ येत येत वर उत्तरेला सरकले आणि एका जागी गोळा झाले.

ती पुढे वाकली. मग तिने परत एकदा तेच केलं. ठिपके परत तिथेच.

"काय आहे तिथे?"

"काही नाही," ती हळूच म्हणाली. "खोल पाणी. तेल सांडेल असं आपल्याकडे दोनच ठिकाणी आहे. पश्चिमेला समुद्रात टँकर रिकामे करायचा प्लॅटफॉर्म आहे, तिथून तळावरून तेलाची पाइप किनाऱ्याला येते. आणि दक्षिणेला एक मालवाहू जहाज नांगर टाकून उभं आहे. उत्तरेला काहीच नाही."

"म्हणजे रिकाम्या पाण्यातून तेल आलं आणि जाणार नाही तिथे गेलं," इन्स्पेक्टर म्हणाले. "तुमचं गणित एका सकाळीत दोनदा चुकलं."

गणित कधी थोडंफार हुकतं, हे तिला ठाऊक होतं. पण इतकं? तिने गणितात घातलेल्या फायली एकेक करून तपासायला घेतल्या. प्रवाहाची ठीक होती. वाऱ्याची उघडली आणि ती तिथेच थांबली.

दूर समुद्रात तरंगणारा हवामानाचा बोया वाऱ्याची फाइल आपोआप पाठवतो. ती एकदा आली की कुणी तिला हात लावत नाही. ही फाइल आल्यानंतर पुन्हा उघडून जतन केली होती. रात्रीपासून पहाटेपर्यंतच्या प्रत्येक ओळीत वारा उत्तरेचा. खऱ्या वाऱ्याचे आकडे असे कधीच नसतात, ते थोडे थोडे हलतात. हे कुणीतरी बसून भरले होते.

बदल करणाऱ्याच्या जागी तिचं स्वतःचं नाव होतं.

क्षणभर तिच्या मनात आलं, खिडकी बंद करावी. इन्स्पेक्टरांना यातलं काय कळतंय? मग तिला तो सुटलेल्या नाडीचा बूट आठवला.

"साहेब," ती म्हणाली, "वारा कुणीतरी बदललाय. आणि तो माझ्या नावाने बदललाय."

३

 इन्स्पेक्टरांनी दारावरच्या माणसाला विचारून घेतलं. फाइल बदलली तेव्हा नकाशेवाली केंद्रात आलीच नव्हती; बाकी कोण कधी आलं ते मात्र पहाटेच्या धावपळीत त्याला आठवत नव्हतं. तिचं मशीन दिवसरात्र चालू असे, तिच्याच नावाने उघडलेलं. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते बाहेरून उघडता येत नसे.

"म्हणजे जो आत होता, त्याने केलं. तुम्ही आलात तेव्हा इथे कोण होतं?"

"तिघं जण. कॅप्टन, हवामानकाका आणि सर."

"एकेकाला बोलावू. तुम्ही बसा इथेच. मला न कळलेलं तुम्हाला कळेल." ते किंचित हसले. "आणि तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर राहाल."

कॅप्टन बंदराचे प्रमुख. आले तेच तणतणत. "यात तपास कसला करताय? रात्री ते जहाज इथे येऊन उभं राहिलं. अंधारात चोरून टाक्या धुतल्या असणार. मी त्याला अडकवून ठेवलंय."

"तुम्ही पहाटे बाहेर होतात. वारा कसा होता?"

"तेलाजवळ आम्ही पोचलो तेव्हा बोट भरधाव होती. भरधाव बोटीत वारा नेहमी तोंडावरच येतो. आणि इथे धक्क्यावर पान हलत नव्हतं. खरं बाहेरचं बोयाला विचारा."

"आणि जहाज? काही संशयास्पद?"

"काही नाही. नांगरावर निवांत उभं होतं. नाक खुल्या समुद्राकडे, पाठ आमच्या गावाकडे. पाठ फिरवून झोपलेल्या माणसासारखं." त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. "आता आमचं बंदर बंद ठेवू नका, एवढंच. दुपारी टँकर रिकामा करायचाय."

हवामानकाका निवृत्तीला आलेले, भर उकाड्यात स्वेटर घालणारे. खुर्चीत बसताच त्यांनी कपाळाला हात लावला. "बोयाची दुरुस्ती लांबली, ही माझी चूक. पण तो खोटं बोलत नाही हो. त्याच्या पोटात सगळी नोंद असते, फक्त ती आणायला बोट पाठवावी लागेल. उद्या मिळेल."

"तुमच्याकडे दुसरी प्रत?"

"नाही. पहाटेनंतरचे आकडे आहेत. त्यांत वारा पश्चिमेचा आहे. मला वाटलं, सकाळी फिरला."

शेवटी सर आले. प्रवाहांचे जाणकार. नकाशेवालीला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. वडील गेले तेव्हा घरी येऊन कुणाशी न बोलता ओटा आवरून गेलेले हे गृहस्थ. त्यांनी आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"घाबरू नकोस, पोरी. वारा फिरला असणार. गणिताचा काय दोष? सध्या भांगाचे दिवस आहेत, भरतीला जोर नाही. पाणी जवळजवळ उभं आहे. माझ्या प्रवाहाला आज काही बोलायचंच नाही, सगळा कारभार वाऱ्याचा."

"फाइल कुणीतरी बदललीये, सर," इन्स्पेक्टर म्हणाले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "मला लबाडी करायची असती, तर मी माझे प्रवाह बदलले असते. ते मला झोपेतही येतात. वाऱ्याला कशाला हात लावू?"

ते गेल्यावर इन्स्पेक्टर म्हणाले, "कॅप्टनना बंदर चालू ठेवायचंय. काकांना बोयाची लाज झाकायचीये. सरांना मात्र काहीच कारण दिसत नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

४

धाकटी बहीण होती. ती पाण्याखाली बुडी मारून काम करणारी डायव्हर होती आणि प्लॅटफॉर्मवर टँकरची नळी पाइपला जोडणाऱ्या बोटीवर काम करायची.

"ताई, ऐकलं मी त्या माणसाचं. तू ठीक आहेस ना?"

"तू कुठे आहेस?"

"कुठे असणार? प्लॅटफॉर्मखाली, बोटीत. नळी जोडून झाली. कॅप्टनने परवानगी दिलीये. टँकरवाले चहा पिऊन पंप चालू करतील."

"पंप चालू करतील?" तिचा आवाज चिरका झाला. "तेल कुठून आलं ते अजून कळलेलं नाही!"

"जहाजाचं आहे म्हणे. ताई, तू ना, भित्री भागूबाई. मी चार वर्षांची असताना माझ्या कमरेला दोरी बांधून पोहायला पाठवायचीस."

"आज तिथे वास येतोय का कसला?"

"तेलाच्या प्लॅटफॉर्मवर तेलाचा वास येणारच की." मागून कुणीतरी हाक मारली. "ठेवते. रात्री जेवायला येते, रडू नकोस."

फोन बंद झाला. ती तशीच उभी राहिली. जहाजाचं असेल तर काळजी नाही. पण पाइपचं असेल तर? फुटक्या पाइपमध्ये टँकरने जोर लावला, तर तेल सरळ बहिणीच्या बोटीखालून वर येईल. वर वायू आणि बोटीचं इंजिन चालू. एक ठिणगी पुरे.

तिने पुन्हा फोन लावला. तो उचललाच गेला नाही.

५

"बसा," इन्स्पेक्टर म्हणाले. "घाबरलेलं डोकं चालत नाही असं लोक म्हणतात. माझं उलट घाबरल्यावरच चालतं. मला सांगा, खोटं बोलणारा माणूस रिकाम्या पाण्याकडे बोट का दाखवेल?"

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. कुणीतरी एवढी जोखीम घेऊन वारा बदलतो, तो तेल कुठल्यातरी दाराशी नेऊन टाकण्यासाठी. रिकाम्या पाण्याने कुणाचं भलं होणार?

"त्याची चूक झाली असेल तर?" ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "त्याला भलतीकडे न्यायचं असेल आणि..."

ती खुर्चीत बसली. फाइलची वेगळी प्रत काढून तिने वाऱ्याची दिशा बरोबर उलटी केली, उत्तरेच्या जागी दक्षिण. ठिपके मागे चालू लागले. या वेळी खाली दक्षिणेला निघाले, गोळा होत गेले आणि थेट नांगरलेल्या जहाजावर जाऊन थांबले. जणू कुणी नेम धरून मारले होते.

"आत्याला समजेल असं सांगा," इन्स्पेक्टर कुजबुजले.

"वाऱ्याची दिशा सांगताना आपण तो कुठून येतो ते सांगतो. उत्तरेचा वारा म्हणजे उत्तरेकडून येणारा. फाइलमध्येही तसंच लिहायचं असतं. ज्याने हे केलं, त्याला तेल जहाजाकडून उत्तरेला ढकलणारा वारा हवा होता. म्हणजे दक्षिणेचा. पण त्याने वारा कुठे जातोय ते लिहिलं. उत्तर."

"अशी चूक कोण करेल?"

"हवामानकाका नाही करणार, जन्म गेला त्यांचा वाऱ्यात. कॅप्टनही नाही, दर्यावरचा कुठलाही माणूस वाऱ्याला तो येतो त्या दिशेनेच हाक मारतो." तिने प्रवाहाची फाइल उघडली. "पण प्रवाहाचं उलटं असतं. प्रवाहाची दिशा सांगताना पाणी कुठे जातंय तेच सांगतात. ज्याने आयुष्यभर फक्त प्रवाहाच्याच फायली भरल्या, त्याचा हात घाईत सवयीने चालेल."

इन्स्पेक्टरांनी दाराकडे एक नजर टाकली. "पण त्याने प्रवाहच का नाही बदलले?"

"ते त्यांनीच सांगितलं मघाशी. भांगाचे दिवस. पाणी उभं आहे. जहाजापासून तिथवर तेल आणेल असा प्रवाह आज दाखवला असता, तर मीसुद्धा हसले असते."

"मग खरा वारा?"

ती उठून येरझारा घालू लागली. उद्यापर्यंत बोयाची नोंद येणार नव्हती आणि उद्यापर्यंत थांबायला वेळ नव्हता. पहाटे बाहेर काय काय होतं? बोट, तेल, जहाज. जहाज!

"प्रवाह नसला, की नांगरलेलं जहाज वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं! कॅप्टन म्हणाले ना, नाक खुल्या समुद्राकडे. वारा पश्चिमेचाच होता. फिरला नाही, काही नाही, सकाळपासून तोच आहे."

तिने आकडे भरले. ठिपके मागे पश्चिमेला सरकले आणि प्लॅटफॉर्मच्या अलीकडे, बरोबर पाइपवर थांबले. तेच गणित तिने पुढे नेलं, आणि लाल रंग खाडीत शिरून पंपघराच्या भिंतीला चिकटला.

दारात कुणीतरी मोठा श्वास घेतला. सर उभे होते. किती वेळ, देव जाणे.

६

"सर," ती म्हणाली. 

सर आत आले आणि पडद्यासमोर उभे राहिले. लाल रंगावरून त्यांची नजर हलत नव्हती. "ती पाइप टाकली तेव्हा तळाचा अभ्यास माझा होता," ते म्हणाले. "पाइपखालची वाळू हलणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. आज पहाटे तेलाची खबर आली. मी सगळ्यांच्या आधी येऊन खऱ्या वाऱ्याने मागे नेलं. ठिपके पाइपवर गेले. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पोरी. वाळू हललीये. पाइप लोंबकळतेय."

"आणि तुम्ही वारा बदललात."

"मला फक्त संशय जहाजाकडे न्यायचा होता. मागचं गणित तेवढं बदलायचं होतं. कुणीतरी येत होतं, परत चालवून पाहायलाही वेळ मिळाला नाही. पुढचा नकाशाही त्याच फाइलमधला वारा पुढे धरून निघेल, हे..." त्यांचे ओठ हलत राहिले. "मी तीस वर्षं या खोलीत आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कळलं तेव्हा तू तो पाठवून बसली होतीस."

"तेव्हा सांगायचं होतंत! तो माणूस मला विचारून उतरला, सर!"

तिने पडद्यावरच्या प्लॅटफॉर्मवर बोट ठेवलं.

"आणि आता धाकटी त्या प्लॅटफॉर्मखाली आहे. पंप चालू होतोय."

सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. धाकटीच्या शाळेचं गणित त्यांनीच तर घेतलं होतं. "धाकटी? तिची तर आज सुट्टी..." ते पुढे झाले आणि त्यांनी टेबलावरचा फोन ओढला. कॅप्टन लागले, तेव्हा त्यांचा आवाज अचानक जुना, वर्गात शिकवण्याचा झाला. "कॅप्टन, पंप बंद करा. पाइपच फुटलीये. पुरावा मागू नका, वारा मीच खोटा लिहिला."

पलीकडून कॅप्टनची शिवी ऐकू आली, मग वायरलेसवर त्यांचं ओरडणं, मग कुणाचंतरी उत्तर. इन्स्पेक्टरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"पंप चालू झाला होता," कॅप्टन म्हणाले. "आता बंद केलाय. पण प्लॅटफॉर्मजवळ पाणी उकळल्यासारखं होतंय. बोट त्याच्या मधोमध आहे. सगळीकडे काळं, त्यांना दिशाच कळत नाही."

 नकाशेवालीने टेबलाची कड धरली. पण डोळे पडद्यावर होते, आणि पडद्यावरचे ठिपके पूर्वेला निघाले होते.

"त्यांना सांगा, इंजिनाला हात लावायचा नाही," ती फोनमध्ये ओरडली. "चालू असेल तर बंद करा. ठिणगी नको. किनाऱ्याकडे मुळीच यायचं नाही, तेल त्यांच्यामागोमाग येईल. प्लॅटफॉर्मचा दोर धरून पश्चिमेला ओढत जायचं. वारा तोंडावर घ्यायचा. तिकडे पाणी स्वच्छ आहे."

"नक्की?"

तिला सकाळचा तो "येत नाही ना?" ऐकू आला. या वेळी तिने पडद्याकडे पाहिलं, खुल्या समुद्राकडे नाक केलेलं ते जहाज आठवलं, आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर आता गवत गावाकडे झुकलं होतं.

"नक्की. वारा तोंडावर."

मग नुसती खरखर ऐकू येत राहिली. सर खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून होते. इन्स्पेक्टर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पण त्यांनी हात लावला नाही.  नकाशेवालीला आई नेहमी म्हणायची, धाकटीकडे लक्ष ठेव. तेवढं एकच तर काम दिलं होतं.

खरखर थांबली.

"ताई," धाकटी खोकत म्हणाली, "हाताची सालं निघाली. पण पाणी निळं दिसतंय."

७

इन्स्पेक्टर सरांना घेऊन गेले तेव्हा उन्हं कलली होती. सर दाराशी थांबले. काही बोलतील असं वाटलं, पण तिने मान खाली घातली आणि ते निघून गेले. तिला त्यांचा राग येत होता. आणि ओट्यावर भांडी लावणारा त्यांचा पाठमोरा आकारही डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोन्ही एकाच वेळी सोसवत नव्हतं.

धाकटी धक्क्यावर उतरली. तिच्या हातांना पट्ट्या होत्या आणि केसांना तेलाचा वास. "मी म्हटलं होतं ना, रडू नकोस," एवढंच ती म्हणाली, आणि मग स्वतःच हुंदके देऊन रडली.

तेवढ्यात कॅप्टनचा निरोप आला. पाइपमधून उरलेलं तेल निघतच होतं. नवा नकाशा हवा होता, अडथळे कुठे टाकायचे, आणि पंपघराच्या बाजूच्या धक्क्यावर माणसं कामाला लावायची की नाही, ते सांगायला.

"दुसरं कुणी नाही का?" तिने विचारलं.

"कोण आहे आता?" कॅप्टन म्हणाले. त्यांचा तोरा उतरला होता.

ती परत खुर्चीत बसली. हवामानकाकांना तिने वारा विचारला, पुन्हा विचारला आणि तिसऱ्यांदा विचारला. काका न चिडता तिन्ही वेळा सांगत राहिले. टँकरच्या कप्तानाकडून खात्री करून घेतली. मग गणित चालवलं. वारा आता जरा नैऋत्येचा झाला होता, आणि लाल रंग खाडीच्या उत्तरेच्या कडेला लागत होता. पंपघराशेजारचा धक्का मोकळा होता. माणसं तिथे उभी राहू शकत होती.

पाठवायच्या कळीवर बोट ठेवून ती बसून राहिली. बोट खाली जाईना. वाऱ्याने जराशी कूस बदलली तर? एखादा आकडा नजरेतून सुटला असेल तर? तिला ठाऊक होतं, ही भीती आता कुठे जाणार नाही. प्रत्येक नकाशाला ती शेजारी येऊन बसणार.

तिने नकाशा पाठवला. मशीनवरून लॉग आउट केलं, खोलीला कुलूप लावलं आणि जिना उतरली.

"कुठे निघालीस?" धाकटीने विचारलं.

"पंपघराच्या धक्क्यावर."

"कशाला? तिथे तुझं काय काम?"

"काही नाही. माझ्या नकाशात तिथे तेल येत नाही," नकाशेवाली म्हणाली, आणि बाकीची माणसं पोचण्याआधी तिथे जाऊन उभी राहता यावं म्हणून झपाझप चालू लागली.